क्यू मीटरचा आकडा घसरलाय? स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी हे बघा

कॉइल तीच, फ्रिक्वेन्सी तीच, टेबलही तेच. मे महिन्यात क्यू, म्हणजे कॉइल किती कमी ऊर्जा वाया घालवते ते सांगणारा आकडा, २०० येत होता आणि आता जुलैत सुई १५० च्या वर चढत नाही. मृग लागला की सांगली-मिरज-कराड भागातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून आणि हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींकडून ही तक्रार येऊ लागते, ती थेट दसऱ्यापर्यंत. त्यातले बरेचसे मीटर बिघडलेले नसतातच. बिघडतात ते नंतर, कुणीतरी झाकण उघडून आत हात घातल्यावर.

मी इथे बोलतोय ते व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या) जमान्यातल्या क्यू मीटरबद्दल. बूंटन रेडिओचा १६०-ए, नंतरचा २६०-ए, मार्कोनीचा टीएफ १२४५ आणि याच धर्तीवर बनलेले देशी मीटर. बूंटन रेडिओ कॉर्पोरेशन १९३४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत सुरू झाली आणि १९५९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने ती विकत घेतली, त्यामुळे एकाच जातीचे मीटर दोन वेगवेगळ्या नावांनी सापडतात. आतली रचना साधारण सारखीच.

लक्षणं

खालीलपैकी एक किंवा जास्त दिसतील:

- ओळखीच्या कॉइलचा क्यू नेहमीपेक्षा कमी येतो, पण रेझोनन्स (सुई सर्वांत वर चढते ती जागा) जवळपास त्याच कपॅसिटन्सला मिळतो.
- सकाळी कमी, दुपारी बरा, पाऊस झाला की परत कमी.
- कॉइल काढली की सुईचा झिरो सरकतो, लावली की परत जागेवर येतो.
- ट्यूनिंग कपॅसिटर फिरवताना सुई मधेच उडी मारते.
- ऑसिलेटरची पातळी पूर्ण खाली आणली तरी सुई शून्यावर येत नाही.
- क्यूचा गुणक दाखवणारा छोटा मीटर, म्हणजे थर्मोकपलचा, हलतच नाही.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

दोन मिनिटांत आतली गोष्ट

ऑसिलेटरचा करंट एका अगदी छोट्या रेझिस्टन्समधून जातो. १६०-ए मध्ये हा रेझिस्टन्स ०.०४ ओहमचा आहे, २६०-ए मध्ये ०.०२ चा. १६०-ए मध्ये अर्धा अँपिअर करंट गेला की त्यावर २० मिलिव्होल्ट तयार होतात. हे २० मिलिव्होल्ट तुमची कॉइल आणि मीटरचा ट्यूनिंग कपॅसिटर यांच्या सिरीजमध्ये शिरतात. रेझोनन्सला कपॅसिटरवर त्याच्या क्यू पट व्होल्टेज येतं, म्हणजे क्यू २५० असेल तर ५ व्होल्ट. ते व्होल्टेज व्हॉल्व्ह व्होल्टमीटर मोजतो आणि त्याच्या डायलवर व्होल्टऐवजी सरळ क्यू छापलेला असतो.

म्हणजे आकडा कमी येण्याच्या जागा चारच: कॉइलमध्ये किंवा सांध्यात सिरीज रेझिस्टन्स वाढला, कपॅसिटरच्या समांतर कुठून तरी गळती सुरू झाली, आत शिरणारे २० मिलिव्होल्ट पूर्ण येत नाहीत, किंवा व्होल्टमीटर खोटं बोलतोय. आपल्याकडे पावसाळ्यात बहुतेक वेळा दुसरं कारण असतं. पण ते गृहीत धरू नका. तपासायला एक पैसा लागत नाही.

पहिली तपासणी: तापू द्या आणि झिरो बघा

मीटर चालू करून अर्धा तास हात लावू नका. मीटर अमेरिकन ११५ व्होल्टचा असेल तर तो स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर आहे ना, आणि ट्रान्सफॉर्मरमधून खरोखर ११५ च्या आसपास येतंय ना, हे मल्टिमीटरने बघा. संध्याकाळी गावाकडे लाइनचा दाब पडतो तेव्हा सगळेच आकडे सैल होतात. त्या वेळी घेतलेल्या रीडिंगवरून मीटरला दोष देऊ नका.

आता ऑसिलेटरची पातळी पूर्ण खाली आणा. कॉइलच्या दोन टर्मिनलांमध्ये जाड तांब्याचा छोटा तुकडा आवळा आणि झिरो जुळवा. मग तो तुकडा काढा. झिरो जवळपास तिथेच राहिला तर व्होल्टमीटरचा व्हॉल्व्ह आणि त्याच्या ग्रिडभोवतीचं (मोजायचं व्होल्टेज जिथे येतं त्या टोकाभोवतीचं) इन्सुलेशन ठीक आहे. झिरो बराच सरकला तर दोनपैकी एक: व्हॉल्व्हच्या निर्वातात गॅस झालाय, किंवा ग्रिडपाशी ओल आहे.

हे असं का होतं? तुकडा किंवा कॉइल लावलेली असताना ग्रिडला जमिनीकडे सरळ वाट असते. काढली की ग्रिड फक्त एका फार मोठ्या, कित्येक मेगाओहमच्या रेझिस्टन्सवर लटकतो. १०० मेगाओहममधून १० नॅनोअँपिअर इतका क्षुल्लक करंट गेला तरी तिथे एक व्होल्ट उभा राहतो. ५ व्होल्टला पूर्ण सुई चढणाऱ्या मीटरवर एक व्होल्ट म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

गॅस की ओल, हे ठरवायला फुकटचा उपाय आहे. तुकडा काढलेल्या अवस्थेत वरच्या टर्मिनलच्या बुडाशी तोंडाने हलकी वाफ सोडा, चष्म्याची काच पुसताना सोडतो तशी. सुई लगेच हलली आणि हळूहळू परत आली तर पृष्ठभाग घाण आहे. काहीच फरक पडला नाही आणि झिरो तसाच सरकलेला राहिला तर व्हॉल्व्हवर संशय घ्या.

आकाशवाणीचा घोटाळा

हे सांगलीकरांसाठी खास. ऑसिलेटर खाली असताना सुई उभी राहते आणि कॉइल मोठी, उघडी, एअर-कोअरची आहे? मग ट्यूनिंग कपॅसिटर फिरवून बघा. सुई एकाच ठिकाणी टोकदारपणे चढत असेल तर तुमची कॉइल अँटेना झाली आहे आणि तिने कुठलं तरी स्टेशन पकडलंय. सांगली आकाशवाणीची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झ. प्रक्षेपण चालू असताना केंद्राच्या जवळपास राहून १.२५ मेगाहर्ट्झच्या आसपास मोजमाप करायचं म्हणजे वैताग. कॉइल आडवी-उभी फिरवा, फरक पडेल. नाहीतर फ्रिक्वेन्सी थोडी बदलून घ्या.

याच स्टेशनचा उपयोगही करून घ्या. खिशातला मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर १२५१ वर लावून मीटरशेजारी ठेवा आणि क्यू मीटरचा ऑसिलेटर हळूहळू तिथे आणा. शिट्टी ऐकू येईल, ती जाड होत होत विरेल. विरली तिथे ऑसिलेटर नेमका १२५१ वर आहे. डायल काय दाखवतोय ते बघून घ्या. ऑसिलेटर जिवंत आहे आणि त्याची फ्रिक्वेन्सी बरोबर आहे, दोन्ही गोष्टी झाकण न उघडता कळल्या.

दुसरी तपासणी: तीन फ्रिक्वेन्स्या

माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जाणारी तपासणी हीच, आणि हीच लोक करत नाहीत. एकाच कॉइलवर, एकाच फ्रिक्वेन्सीला आकडा कमी आला की लगेच स्प्रेची बाटली निघते.

तीन कॉइल घ्या, ज्या साधारण १०० पिकोफॅरडला १०० किलोहर्ट्झ, १ मेगाहर्ट्झ आणि ३० मेगाहर्ट्झवर रेझोनेट होतात. म्हणजे अंदाजे २५ मिलिहेन्री, २५० मायक्रोहेन्री आणि पाव मायक्रोहेन्रीपेक्षा किंचित जास्त. बूंटनच्या १०३-ए मालिकेतल्या डबाबंद कॉइल तुमच्याकडे शिल्लक असतील तर उत्तम. नसतील तर स्वतः गुंडाळा, पण कोरड्या दिवसांत त्यांचा क्यू मोजून कॉइलवरच चिठ्ठी चिकटवून ठेवा. जुना आकडा नसेल तर घसरला हे कशावरून म्हणायचं?

आता गणित बघा. समजा टर्मिनलपाशी ओलीमुळे १ मेगाओहमची गळती झाली.

१०० किलोहर्ट्झला १०० पिकोफॅरडचा रिॲक्टन्स (त्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटरचा अडथळा) जवळपास १५.९ किलोहम. क्यू १०० असलेल्या सर्किटचा समांतर रेझिस्टन्स होतो १.५९ मेगाओहम. त्याला १ मेगाओहम समांतर जोडला गेला की क्यू ४० च्याही खाली जातो.

१ मेगाहर्ट्झला, क्यू २०० असेल तर समांतर रेझिस्टन्स ३१८ किलोहम. तीच गळती आता क्यू १५२ वर आणते.

३० मेगाहर्ट्झला तोच क्यू २०० फार तर १९८ होईल. सुईच्या जाडीत जातो तो फरक.

आता उलटं बघा. गळती नाही, पण टर्मिनलच्या नटाखाली गंज येऊन ०.१ ओहम सिरीजमध्ये वाढलाय. १०० किलोहर्ट्झच्या कॉइलचा स्वतःचाच सिरीज रेझिस्टन्स १५९ ओहम, तिला या ०.१ चं काय? पण ३० मेगाहर्ट्झवर क्यू २०० म्हणजे एकूण सिरीज रेझिस्टन्स ०.२६५ ओहम. त्यात ०.१ मिळवला की क्यू १४५.

म्हणून: खालच्या फ्रिक्वेन्सीला जास्त घसरण असेल तर ओल शोधा, वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त असेल तर सांधा शोधा. तिन्ही ठिकाणी सारख्याच टक्क्यांनी घसरला असेल तर आत शिरणारं व्होल्टेज किंवा व्होल्टमीटर. एक अपवाद लक्षात ठेवा. बेकेलाइटच्या आत खोलवर मुरलेली ओल मधल्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सीलाही थोडं थोडं खाते, त्यामुळे सगळीकडे घसरण दिसली तरी वाळवण्याची पायरी सोडू नका.

तिसरी: आधी कॉइल वाळवा, मग मीटर

कॉइलवर सुती किंवा रेशमी वेष्टणाची लिट्झ तार (अनेक बारीक तारा वळून केलेली) असेल, फॉर्मर (ज्यावर तार गुंडाळतात ती नळी) कागदाचा असेल, तर ओल तिथेच बसलेली असते. कॉइल एक रात्र सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि परत मोजा. आकडा सुधारला तर मीटर निर्दोष. मोजताना हात लांब ठेवा आणि कॉइल धातूच्या पत्र्यापासून निदान तिच्या व्यासाएवढी दूर ठेवा. जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये क्यू दर वर्षी जूनमध्ये घसरायचा, कारण पावसाळ्यात खिडकीपासून हलवून मीटर लोखंडी कपाटाला टेकवून ठेवत असत.

चौथी: टर्मिनल पुसणे

आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ सुती बोळा आणि धीर. टर्मिनलच्या बुडाचा इन्सुलेटर, दोन टर्मिनलांमधली जागा, वरच्या पट्टीच्या कडा. बोटांचा तेलकटपणा स्वतः फारसा गळत नाही, पण त्यावर धूळ बसते आणि धूळ पाणी धरते. मार्केट यार्डाच्या आसपास हळदीचा जो बारीक पिवळा थर सगळ्यावर बसतो, तो मीटरवरही बसतो. बोळा पिवळा झाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

हाताचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात बरेचदा ग्लिसरीन असतं आणि ते पाणी ओढून घेतं. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे नकोत, त्यांचा थर मागे राहतो. थिनर आणि ॲसिटोन तर बाटलीसकट खोलीबाहेर ठेवा, कारण पॉलिस्टायरीनचा इन्सुलेटर त्यात विरघळतो.

पुसून झाल्यावर मीटर लाकडी पेटीत किंवा मोठ्या खोक्यात ठेवून शेजारी ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब रात्रभर पेटता ठेवा, खोक्याला आणि मीटरला न टेकवता. बल्ब शोधायला हल्ली कष्ट पडतात आणि एलईडीने ऊब येत नाही, हे खरं. हेअर ड्रायर पूर्ण तापमानावर मारू नका, जुनं प्लास्टिक वाकतं.

वाळवण्याआधी आणि नंतरचे आकडे लिहून ठेवले तर गळती किती होती तेही काढता येतं. कोरडा क्यू गुणिले ओला क्यू, भागिले दोघांतला फरक, गुणिले कपॅसिटरचा रिॲक्टन्स. २०० आणि १५०, रिॲक्टन्स १५९१ ओहम, उत्तर साडेनऊ लाख ओहमच्या पुढे. अनोळखी रेझिस्टन्स टर्मिनलला समांतर लावून रेडिओ फ्रिक्वेन्सीला त्याचं इम्पीडन्स याच सूत्राने मोजतात. इथे अनोळखी वस्तू ओल आहे, एवढाच फरक. आणि म्हणूनच ओल्या मीटरवर मोजलेलं कुठलंही इम्पीडन्स खोटं: सुरुवातीचा क्यूच डळमळीत असेल तर फरक कशातला काढणार?

पाचवी: सांधे आणि कपॅसिटर

घसरण वरच्या फ्रिक्वेन्सीला असेल किंवा सुई उडी मारत असेल तरच इथे या. टर्मिनलचे नट काढा, तळ पांढऱ्या कागदाने घासा. सँडपेपर नको, मुलामा जाईल. मग ट्यूनिंग कपॅसिटर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बरेचदा फिरवा. रोटरला जमिनीशी जोडणारी पातळ स्प्रिंग असते, तिच्या स्पर्शाच्या जागी काळा थर जमतो आणि नुसत्या फिरवण्याने तो पुष्कळदा सुटतो. सुईची उडी याने गेली तर काम झालं.

नाही गेली तर झाकण उघडावं लागेल. प्लग काढा आणि पॉवर सप्लायचे कपॅसिटर उतरायला वेळ द्या. स्प्रिंगच्या स्पर्शावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब, काडीने. पानांवर फवारा मारायचा नाही. पानांमधली धूळ कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने उडवा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, आणि पान एकदा वाकलं की डायल आणि कपॅसिटन्स यांची जोडी कायमची तुटते.

सहावी: इथे हात आखडता घ्या

तिन्ही फ्रिक्वेन्सीला सारखी घसरण आहे, ऑसिलेटर ट्रान्झिस्टरवर ऐकू येतोय, लाइन ठीक आहे, वाळवून झालंय. मग राहिला थर्मोकपल किंवा व्होल्टमीटर.

थर्मोकपल हा या मीटरचा जीव. त्यातली बारीक तार करंटने तापते आणि त्या उष्णतेवर छोटा मीटर चालतो. उष्णता करंटच्या वर्गात वाढते, म्हणजे दीडपट करंटला सव्वादोन पट. म्हणून रेंज बदलण्याआधी पातळी खाली आणायची, आणि छोट्या मीटरची सुई एकच्या खुणेपलीकडे कधीही जाऊ द्यायची नाही. वर लिहिलेल्या प्रत्येक तपासणीत ही सवय ठेवा, कारण बिघाड शोधतानाच सर्वांत जास्त थर्मोकपल जळतात. आकडा कमी दिसतो म्हणून माणूस पातळीची खुंटी पिळतो, आणि ओलीचा फुकट सुटणारा बिघाड न मिळणाऱ्या सुट्या भागाचा बिघाड होतो.

छोटा मीटर मुळीच हलत नसेल तर मल्टिमीटर ओहमवर लावून थर्मोकपल तपासायला जाऊ नका. त्याला जोडलेल्या नाजूक मीटरची सुई धडकून वाकते. ऑसिलेटर ऐकू येतोय आणि सुई मेलेली आहे, एवढं निदान पुरेसं आहे.

व्होल्टमीटरचा व्हॉल्व्ह बदलणं वरवर सोपं वाटतं. पण या जागेवर कमी ग्रिड करंटचा निवडक व्हॉल्व्ह लागतो, आणि तो बदलला की पूर्ण डायल नव्याने जुळवावा लागतो. तुमच्याकडे त्या मॉडेलचं मॅन्युअल आणि भरवशाचा व्होल्टेज स्रोत दोन्ही असतील तरच.

थांबा आणि जाणकाराला बोलवा

थर्मोकपल गेला असेल तर थांबा. ०.०४ ओहमच्या रेझिस्टन्सजवळ सोल्डरिंग आयर्न न्यायचीच नाही, तिथल्या टाक्याचा आकारसुद्धा मोजमापात धरलेला असतो. ट्रान्सफॉर्मर तापून वास येतोय, फ्यूज परत परत उडतोय, जुन्या कपॅसिटरमधून तेल पाझरतंय, तर प्लग काढून बाजूला व्हा. ते तेल उघड्या हाताने पुसू नका. आत शेकडो व्होल्ट डीसी असतं. उघड्या व्हॉल्व्ह उपकरणावर काम करायची सवय नसेल तर पाचव्या तपासणीच्या पहिल्या परिच्छेदालाच तुमची हद्द संपते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पुराचं पाणी लागलेला मीटर ही वेगळी गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर घाईने ‘चालतंय का बघू’ म्हणून प्लग लावलेल्या उपकरणांचे ट्रान्सफॉर्मर गेले. कृष्णेचा गाळ वाळला तरी ओल धरून ठेवतो. असा मीटर एकदाही चालू न करता सरळ दुरुस्तीला द्या.

कॅलिब्रेशनसाठी पुण्यात मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत, पण पाठवण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: तुम्ही रेडिओ फ्रिक्वेन्सीला क्यू तपासता का, की नुसतं एलसीआर मीटरचं (इंडक्टन्स, कपॅसिटन्स, रेझिस्टन्स मोजायचं) काम करता? दुसरं उत्तर आलं तर भाडं वाचवा आणि व्हॉल्व्हचं काम करणारा जुना मेकॅनिक शोधा. मीटरसोबत तिन्ही कॉइल, त्यांचे कोरड्या दिवसांतले आकडे, आताचे आकडे आणि तुकडा लावून-काढून झिरो किती सरकतो ते लिहिलेला कागद द्या. मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचं बिलही त्या हिशेबाने येतं.